एका तारखेचं दिनविशेष पान कसं बनवायचं : ९ नोव्हेंबर घेऊन करून बघूया

दिनविशेष म्हटलं की बहुतेक जण काय करतात, तर कुठून तरी तयार यादी उचलतात, वर "इतिहासात आज" असं लिहितात आणि मोकळे होतात. मीही सुरुवातीला हेच करायचो. मग एकदा ४ जुलैच्या पानावर बिनधास्त लिहून टाकलं की १७७६ साली आजच्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, आणि एका वाचकाने एवढंच विचारलं, "सह्या त्याच दिवशी झाल्या का हो?" शोधायला बसलो तर स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला २ जुलैला, ४ ला फक्त जाहीरनाम्याचा मजकूर मान्य झाला, आणि बऱ्याचशा सह्या झाल्या थेट २ ऑगस्टला. गंमत म्हणजे जॉन अ‍ॅडम्सने ३ जुलैला बायकोला पत्रात लिहिलं होतं की २ जुलै हाच दिवस पुढच्या पिढ्या साजरा करतील. प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्या माणसाचा अंदाज चुकला तिथे माझं काय घेऊन बसलात, पण तेव्हापासून मी पान बनवायची पद्धत बदलली, ती इथे सांगतोय.

उदाहरणाला ९ नोव्हेंबर घेऊ. जर्मन लोक या तारखेला "शिक्झाल्सटाग" म्हणतात, म्हणजे नियतीचा दिवस, आणि दिनविशेषात होऊ शकतात तेवढ्या जवळपास सगळ्या चुका या एका तारखेवर करता येतात, म्हणून शिकायला बेस्ट.

पायरी १ : कच्ची यादी, आणि ती कच्चीच ठेवा

सुरुवातीला गाळायचं नाही, सापडेल ते घ्यायचं. घटना, जन्म आणि मृत्यू असे तीन ढीग वेगळे ठेवा, कारण जन्म-मृत्यूंची गर्दी इतकी असते की घटना त्यात बुडून जातात. माझी ९ नोव्हेंबरची कच्ची यादी साधारण अशी होती: १७९९ नेपोलियनचा उठाव, १८४८ रॉबर्ट ब्लुम या लोकशाहीवादी नेत्याला व्हिएन्नात गोळ्या घातल्या, १८७७ मुहम्मद इक्बाल यांचा जन्म, १९१८ जर्मनीत प्रजासत्ताक, १९२२ आइनस्टाइनना नोबेल, १९२३ म्युनिकमध्ये हिटलरचा फसलेला उठाव, १९३४ कार्ल सेगन यांचा जन्म, १९३८ ज्यूंवरचे हल्ले, १९३९ हिटलरला मारण्यासाठी बॉम्बस्फोट, १९५३ कंबोडिया स्वतंत्र, १९६५ अमेरिकेत मोठा ब्लॅकआउट, १९८९ बर्लिनची भिंत पाडली, २००१ न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला.

यातल्या दोन नोंदी या तारखेच्या नाहीतच, आणि तीन-चार नोंदी अर्धवट खऱ्या आहेत. कुठल्या ते पुढे येईलच.

पायरी २ : दिवस आणि महिना उलटे तर झाले नाहीत ना

ही सगळ्यात सोपी पायरी आणि तरी लोक इथेच पडतात. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. त्यामुळे त्यांचं ९/११ म्हणजे ११ सप्टेंबर, आणि आपण वाचतो ९ नोव्हेंबर. २००१ ची नोंद माझ्या यादीत अशीच घुसली होती, आणि हसू नका, मी ती छापील पानावरसुद्धा पाहिलेली आहे. ती ११ सप्टेंबरच्या पानावर हलवा, तिथे तिला सोबत पण मोठी आहे, १९७३ चा चिलीतला लष्करी उठाव आणि १८९३ चं विवेकानंदांचं शिकागोचं भाषण. साधा नियम असा की दिवस १२ किंवा त्याखाली असेल आणि तारीख नुसत्या आकड्यांत दिली असेल तर महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलेलं कुठेतरी सापडेपर्यंत ती नोंद पक्की धरायची नाही. १२ च्या वरच्या तारखांना हा धोका नाही कारण तेरावा महिना नसतो.

पायरी ३ : क्रियापद तपासा

माझ्या मते पूर्ण कामातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि हिच्यावर कोणी वेळ घालवत नाही. तारीख बरोबर असते, घटना बरोबर असते, चुकतं ते क्रियापद.

१९८९ घ्या. "बर्लिनची भिंत पाडली." पाडली? त्या दिवशी? झालं असं की संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे ग्युंटर शाबोव्स्की पत्रकार परिषद घेत होते, पूर्वेतल्या लोकांना पश्चिमेत जाऊ देणाऱ्या नव्या प्रवासनियमांचा कागद त्यांच्या हातात ऐनवेळी दिलेला, तो नीट वाचलेलाही नव्हता. सातच्या सुमारास पत्रकारांनी विचारलं की हे नियम कधीपासून लागू, तर त्यांनी कागद वरखाली केले आणि म्हणाले की माझ्या माहितीप्रमाणे लगेच, विनाविलंब. खरं तर ते दुसऱ्या दिवशी नीट व्यवस्था लावून जाहीर व्हायचं होतं. बातमी पश्चिम जर्मनीच्या टीव्हीवर गेली, ती पूर्वेतही घरोघरी पाहिली जायची, लोक नाक्यांवर जमले, पहारेकऱ्यांना वरून काहीच आदेश नाही, आणि शेवटी रात्री साडेअकराच्या आसपास बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यावर गर्दी आवरेना म्हणून फाटक उघडून टाकलं. म्हणजे ९ नोव्हेंबरला भिंत "उघडली". लोक तिच्यावर चढून हातोडे मारू लागले ते पुढच्या तासांत आणि दिवसांत, आणि सरकारी पातळीवर ती पाडायला सुरुवात झाली जून १९९० मध्ये. एका क्रियापदाचा फरक आहे, पण "पाडली" म्हटलं की वाटतं कोणीतरी आदेश दिला आणि बुलडोझर आले, आणि खरी गोष्ट नेमकी उलटी आहे, आदेश नव्हता म्हणूनच ती उघडली.

१९१८ मध्ये तर एकाच दिवसात तीन क्रियापदं आहेत. दुपारी बाराच्या सुमारास चान्सलर माक्स फॉन बाडेन यांनी कैसर (म्हणजे जर्मन सम्राट) विल्हेल्मचा पदत्याग जाहीर केला, कैसरने स्वतः तो दिलेला नसताना. दोनच्या सुमारास फिलिप शायडमान यांनी संसदेच्या इमारतीतून प्रजासत्ताक जाहीर केलं, आणि दोनेक तासांनी कार्ल लीबक्नेश्ट यांनी राजवाड्याकडे वेगळंच, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. एका शहरात एका दुपारी दोन प्रजासत्ताकं! कैसरची पदत्यागाच्या कागदावर सही झाली २८ नोव्हेंबरला, तोवर तो नेदरलँड्सला पोचलेला होता. त्यामुळे "कैसरने पदत्याग केला" असं या पानावर लिहू नका, "कैसरचा पदत्याग जाहीर करण्यात आला" लिहा.

१७९९ ची नोंद दोन दिवसांची आहे. ९ नोव्हेंबरला, म्हणजे फ्रेंच क्रांतीच्या कॅलेंडरप्रमाणे १८ ब्रुमेरला, डाव सुरू झाला, पण सैनिकांनी प्रतिनिधींना सभागृहातून हाकललं ते दुसऱ्या दिवशी सँ-क्लू इथे. इथे "उठाव सुरू झाला" एवढंच. आणि १९२२ ला आइनस्टाइनना जे नोबेल जाहीर झालं ते १९२१ सालचं होतं, एक वर्ष राखून ठेवलेलं, त्यामुळे एका यादीत १९२१ आणि दुसरीत १९२२ दिसलं तर दोन्ही बरोबर असू शकतात, गोंधळून जाऊ नका.

पायरी ४ : कुठलं कॅलेंडर

जुन्या नोंदींना हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही. थोडक्यात हिशोब असा: आधी युरोपात जुलियन कॅलेंडर होतं, ते हळूहळू ऋतूंच्या मागे पडत गेलं, म्हणून १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी दुरुस्ती केली आणि ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. पण सगळे देश एकदम बदलले नाहीत. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये बदललं, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. रशियाने १९१८ मध्ये, ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. मधल्या काळात दोन देशांत एकाच दिवशी दोन तारखा चालू. फरक १७०० पर्यंत १० दिवसांचा, अठराव्या शतकात ११, एकोणिसाव्यात १२ आणि विसाव्यात १३.

याचा परिणाम बघा. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटेस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला गेले असं सगळीकडे सांगतात आणि जागतिक पुस्तक दिनाच्या तारखेमागे ही जोडीही सांगितली जाते. पण स्पेनमध्ये नवं कॅलेंडर होतं आणि इंग्लंडमध्ये जुनं, त्यामुळे शेक्सपिअर आजच्या हिशोबाने ३ मे ला गेला, दहा दिवसांनी. वर सर्व्हांटेसचं दफन २३ ला आणि मृत्यू बहुधा आदल्या दिवशी. म्हणजे तारीख एक, दिवस वेगळे. तसंच गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य पण असंच दोन कॅलेंडरं मिसळून बनलंय: गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला इटलीत, नव्या कॅलेंडरने; न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला इंग्लंडमध्ये, जुन्या कॅलेंडरने, जी नव्याने होते ४ जानेवारी १६४३. रशियाची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात का साजरी व्हायची याचंही उत्तर हेच, २५ ऑक्टोबर म्हणजेच ७ नोव्हेंबर.

मग पानावर लिहायचं कुठलं? मी असं करतो: त्या देशात त्या वेळी जे कॅलेंडर चालू होतं त्याची तारीख ठेवायची आणि बाजूला "जुनी" किंवा "नवी" असा शिक्का मारायचा. रशियन क्रांतीसारखी ज्यांची नवी तारीखच रूढ झालीय त्यांना नवी. आणि एकाच पानावर दोघांना शेजारी बसवून "काय योगायोग!" म्हणायचं असेल तर मात्र दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरमध्ये आणून बघायच्या, नाही जमलं तर योगायोग सोडून द्यायचा. इंग्लंडच्या बाबतीत अजून एक खड्डा आहे, १७५२ च्या आधी तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे चार्ल्स पहिल्याचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ म्हणतो पण तेव्हाच्या कागदांवर १६४८ दिसतं.

९ नोव्हेंबरच्या यादीत सुदैवाने सगळ्या नोंदी नव्या कॅलेंडरच्या आहेत, तिथे काम नाही.

पायरी ५ : कुणाचं घड्याळ

कॅलेंडर एक असलं तरी घड्याळ एक नसतं. चंद्रावर यान उतरलं २० जुलै १९६९ ला, पण आर्मस्ट्राँगने पाय ठेवला तेव्हा जागतिक वेळेने २१ जुलैचे पहाटेचे २ वाजून ५६ मिनिटं झाली होती, अमेरिकेत मात्र २० ची रात्रच. पर्ल हार्बरचा हल्ला हवाईत ७ डिसेंबर १९४१, जपानमध्ये ८. युरोपातलं दुसरं महायुद्ध पश्चिमेत ८ मे १९४५ ला संपलं आणि मॉस्कोत ९ मे ला, कारण शरणागतीची वेळ रात्री ११ वाजून १ मिनिट होती आणि मॉस्कोत तोवर मध्यरात्र उलटली होती.

नियम: घटना जिथे घडली तिथलं घड्याळ. रात्रीच्या घटना असतील तर दोन्ही तारखा लिहा, लाजू नका. १९३८ चे ज्यूंवरचे हल्ले ९ च्या रात्री पेटले आणि १० ला दिवसभर चालू राहिले, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकलं, हे सगळं "९ नोव्हेंबर" या दोन शब्दांत बसत नाही.

पायरी ६ : वार लावून बघा

ही माझी लाडकी ट्रिक. तारखा बदलल्या, कॅलेंडरं बदलली, पण वारांची साखळी या बदलांत कधी तुटली नाही. १५८२ मध्ये ४ ऑक्टोबर गुरुवार होता आणि दुसऱ्या दिवशीचा १५ ऑक्टोबर शुक्रवार. त्यामुळे जुन्या पत्रात, डायरीत किंवा वर्तमानपत्रात वार दिलेला असेल तर तो तारखेची परीक्षा घेतो. ९ नोव्हेंबर १९१८ शनिवार, १९२३ शुक्रवार, १९३८ बुधवार, १९८९ गुरुवार. कोणी तुम्हाला १९८९ ची "त्या रविवारी सकाळी" अशी आठवण ९ नोव्हेंबर म्हणून दिली तर ती तारीख किंवा ती आठवण, एकतरी गडबड आहे. आणि जुलियन तारखेचा वार बघताना कॅलेंडर ॲपवर भरवसा ठेवण्याआधी ते ॲप जुन्या काळालाही नवंच कॅलेंडर लावतंय का ते बघा, बरीच लावतात.

पायरी ७ : योगायोग, साखळी की ठरवून

आता यादी स्वच्छ झाली. १९३९ चा बॉम्ब पण गेला, कारण गिओर्ग एल्सरने म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये लपवलेला तो बॉम्ब ८ नोव्हेंबरला फुटला, हिटलर नेहमीपेक्षा लवकर निघून गेल्यावर काही मिनिटांनी. तो ८ च्या पानावर.

उरलेल्या नोंदींना विचारायचं की तुम्ही एकत्र का आलात. बहुतेक उत्तर असतं, उगाच. वर्षाला ३६५ दिवस आणि मोठ्या घटना हजारोंनी, त्यामुळे प्रत्येक तारखेवर काही ना काही पडणारच. खोलीत नुसती २३ माणसं असली तरी कुठल्याही दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, मग अख्ख्या इतिहासाचं काय बोलायचं. लिंकन आणि डार्विन दोघं १२ फेब्रुवारी १८०९ ला जन्मले, एकच दिवस, एकच वर्ष, आणि त्यात अर्थ शून्य. आमच्या पानावर १९५३ चा कंबोडिया आणि १९६५ चा ब्लॅकआउट, ज्यात साधारण ३ कोटी लोक अंधारात गेले, हे दोन्ही असे उगाचवाले. ठेवा, पण त्यांना नियतीबियती चिकटवू नका.

दुसरा प्रकार ठरवून. भारताच्या राज्यघटनेचा स्वीकार २६ नोव्हेंबर १९४९ ला झाला, पण ती पूर्णपणे अमलात आणायला २६ जानेवारी १९५० निवडला, कारण १९३० ला त्याच तारखेला पूर्ण स्वराज्य दिन पाळला होता. १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख माउंटबॅटननी धरली ती जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन म्हणून. अशा जोड्या सोन्यासारख्या, कारण इथे जुनी तारीखच नव्या तारखेचं कारण आहे.

तिसरा प्रकार साखळी, आणि इथे ९ नोव्हेंबर खरा रंगतो. १९२३ चा मोर्चा ९ ला का निघाला? १९१८ च्या प्रजासत्ताकाचा राग म्हणून हिटलर पेटलेला होताच, पण तारीख ठरली ती बव्हेरियाचे तेव्हाचे सर्वेसर्वा गुस्टाफ फॉन कार यांची सभा आदल्या संध्याकाळी बिअर हॉलमध्ये होती म्हणून. म्हणजे रागाची साखळी आहे, तारखेची नाही. पुढे सत्ता आल्यावर नाझी दरवर्षी ८-९ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये जमून त्या फसलेल्या उठावात मेलेल्यांचा सोहळा करायचे. १९३८ मध्ये सगळे बडे नेते असेच तिथे जेवायला जमलेले असताना पॅरिसमध्ये गोळी लागलेला जर्मन अधिकारी एर्न्स्ट फॉम राट मेल्याची बातमी आली, प्रचारमंत्री गोबेल्सने तिथेच भाषण ठोकलं, आणि समोर बसलेल्यांनी आपापल्या गावी फोन फिरवले. फॉम राट त्या दिवशी मेला हा योगायोग, पण आदेश देऊ शकणारी सगळी माणसं एका खोलीत होती हा योगायोग नव्हता, ती १९२३ ची देणगी. एल्सरलाही हिटलर त्या बिअर हॉलमध्ये कधी येणार हे याच सोहळ्यामुळे आधी माहीत होतं. आणि १९८९ ला भिंत उघडली तो पुन्हा निव्वळ योगायोग, पण त्यानंतर जर्मनीने राष्ट्रीय दिन म्हणून ९ नोव्हेंबर न घेता ३ ऑक्टोबर घेतला, प्रत्यक्ष एकीकरण १९९० मध्ये त्या दिवशी झालं म्हणून तर खरंच, पण १९३८ च्या तारखेवर फटाके कोण उडवणार, हेही त्यात होतंच.

माझी सूचना अशी की पानाचा अर्धा भाग या साखळीला द्या आणि बाकीच्यांना एकेक ओळ. सगळ्यांना सारखी जागा दिली की पान टेलिफोन डिरेक्टरीसारखं दिसतं.

पायरी ८ : लिहिणं

नोंद एक-दोन वाक्यांची, आणि त्यात कोण, कुठे, काय आणि त्या दिवसापुरतंच. "या घटनेने जगाचा इतिहास बदलला" हे वाक्य दिसलं की खोडा, ते कुठल्याही नोंदीला लागतं म्हणजे कुठल्याच नोंदीचं नाही. आधीची नोंद: "१९८९ : बर्लिनची भिंत पाडण्यात आली." नंतरची: "१९८९ : नवे प्रवासनियम 'लगेच' लागू, असं पूर्व जर्मनीचे शाबोव्स्की पत्रकार परिषदेत बोलून गेले आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर पहारेकऱ्यांना फाटक उघडावं लागलं." लांबली, मान्य, पण ही कोणी विसरणार नाही.

गाजलेली वाक्यं, विशेषतः मरताना कोण काय म्हणालं ती, शक्यतो नकोच. आणि जन्म तीनपेक्षा जास्त नकोत, त्यातही तारीख पक्की आहे का बघा. शेक्सपिअरचा २३ एप्रिलचा जन्म हा अंदाज आहे, नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची.

पायरी ९ : फाइल जपा

प्रत्येक नोंदीपुढे चार खुणा ठेवा: कॅलेंडर, घड्याळ, क्रियापद, वार. जी तपासली तिच्यावर टिक. काढून टाकलेल्या नोंदी डिलीट करू नका, खाली "हाकललेल्या" म्हणून ठेवा आणि का काढली ते एका ओळीत लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी तीच नोंद उत्साहाने पाठवतं आणि आपण परत तासभर शोधत बसतो. माझ्या ९ नोव्हेंबरच्या फाइलमध्ये खाली अजून दोन ओळी आहेत, "एल्सर : ८ ला" आणि "मनोरे : महिना उलटा", आणि दुसरी नोंद दरवर्षी कोणी ना कोणी पाठवतंच.